आजी ऑपरेशनसाठी 'फिट' आहे की नाही, हे नेमकं ठरतं कसं?

सकाळी आठला शीळफाट्यावरून निघून हॉस्पिटलला वेळेत पोचणं म्हणजे काय असतं, हे कल्याण-शीळ रोडवाल्यांना वेगळं सांगायला नको. एकीकडून कल्याण-डोंबिवलीचा ट्रॅफिक, दुसरीकडून मुंब्र्याचा, तिसरीकडून पनवेलचा, चौथीकडे महापे आणि मधोमध अडकलेले कंटेनर. त्या गर्दीतून आम्ही आजीला घेऊन गेलो होतो. वय 78, दोन्ही गुडघे गेलेले, एका गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली. त्या दिवशी फक्त 'फिटनेस' घ्यायचा होता. घरात सगळ्यांना वाटलं, ईसीजी काढतील, रक्त घेतील, कागदावर सही-शिक्का करतील, की संध्याकाळी घरी.

भूलतज्ज्ञ मॅडम अर्धा तास आजीशी बोलल्या आणि म्हणाल्या, "आत्ता नको. सहा आठवड्यांनी करू."

परतीच्या रस्त्यावर बाबांचा पारा चढलेला. "वय झालंय म्हणून टाळतायत, सरळ सांगत नाहीत." घरी आल्यावर काकांचं उलटंच. "बरं झालं. या वयात कापाकापी करूच नका."

दोघंही चुकत होते, पण हे कळायला मला बरंच वाचावं आणि विचारावं लागलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असा दिवस कधी ना कधी येतोच. म्हणून विषय सोपा करून सांगतो.

'फिटनेस' म्हणजे पास-नापास नाही

मोठ्या ऑपरेशनआधी रुग्णाची जी तपासणी होते, तिला हॉस्पिटलात 'पीएसी' म्हणतात, म्हणजे प्री अ‍ॅनेस्थेटिक चेकअप. ती भूलतज्ज्ञ करतात. गरज असेल तर फिजिशियन, हृदयाचे किंवा छातीचे डॉक्टरही बघतात.

ऑपरेशन म्हणजे शरीरावर अचानक आलेलं मोठं ओझं. रक्त जातं, वेदना होतात, अंगात सूज येते, हृदयाला जास्त काम पडतं, फुप्फुसं नीट फुगत नाहीत. तरुण माणसाच्या हृदयात, फुप्फुसांत, किडनीत भरपूर ताकद शिल्लक असते, ती अशा वेळी कामी येते. वय वाढतं तशी ही शिल्लक कमी होत जाते. रोजचं जगणं सुरळीत चालतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. ओझं पडलं की मग कळतं.

तर पीएसीत डॉक्टर तीन प्रश्नांची उत्तरं शोधत असतात. शरीरात शिल्लक किती आहे? ऑपरेशनचं ओझं किती आहे? आणि यातलं काय आधी सुधारता येईल, त्यासाठी थांबणं परवडेल का?

हा तिसरा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा, आणि घरचे लोक नेमका तोच विसरतात.

80 व्या वर्षी, दोन टप्प्यांत

महाराष्ट्राने हे एका मोठ्या नेत्याच्या बाबतीत बातम्यांमध्ये पाहिलेलं आहे. मार्च 2021 मध्ये शरद पवारांच्या पोटात दुखायला लागलं. ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली, पित्ताशयाचा त्रास असल्याचं कळलं. तेव्हा त्यांचं वय 80 होतं. नवाब मलिक यांनी ट्विट करून माहिती दिली, त्यात एक वाक्य असं होतं की पवारांना रक्त पातळ करणारी औषधं सुरू आहेत आणि या त्रासामुळे ती थांबवली जात आहेत.

पुढे दुखणं वाढलं, म्हणून 30 मार्चलाच त्यांना दाखल केलं आणि त्या रात्री एंडोस्कोपीने पित्तनलिकेतला खडा काढला. पित्ताशय काढायचं ऑपरेशन मात्र त्या रात्री झालं नाही. त्यांना घरी सोडलं, विश्रांती सांगितली, आणि 12 एप्रिलला दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली.

म्हणजे जे तातडीचं होतं ते लगेच झालं आणि जे थांबू शकत होतं ते तब्येत स्थिर झाल्यावर.

त्याच्या बरंच आधी, अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशनही याच ब्रीच कँडीत झालं होतं. एक गुडघा ऑक्टोबर 2000 मध्ये, दुसरा जून 2001 मध्ये. पहिल्या वेळी त्यांचं वय 75 होतं. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये सुमारे आठ महिने गेले.

पंतप्रधानांच्या बाबतीत थांबणं चालतं, तर आपल्या आजीच्या बाबतीत "तारीख पुढे ढकलली" म्हणजे "डॉक्टर टाळतायत" असं का वाटावं?

मग वयाला काहीच महत्त्व नाही का?

आहे, पण आपण समजतो तितकं एकट्या वयाला नाही.

आजीच्या फाइलवर एका कोपऱ्यात 'एएसए 3' असं लिहिलं होतं. ही अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने केलेली प्रतवारी आहे. तिची सुरुवात 1941 ची आणि आज ती जगभर वापरतात. 1 म्हणजे धडधाकट माणूस. 2 म्हणजे आजार आहे, पण सौम्य आणि ताब्यात. 3 म्हणजे आजार गंभीर आहे, त्याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. 4 म्हणजे आजारामुळे जिवाला सतत धोका. 5 म्हणजे ऑपरेशन केलं नाही तर माणूस वाचण्याची शक्यता नाही. 6 हा क्रमांक अवयवदान करणाऱ्या मेंदूमृत व्यक्तीसाठी. यात वयाचा रकाना नाही. 80 वर्षांचा ठणठणीत शेतकरी 2 मध्ये बसू शकतो आणि 55 वर्षांचा, शुगर वाढून किडनी बिघडलेला माणूस 4 मध्ये.

हृदयाच्या धोक्याचा हिशोब करायच्या पद्धतीतही असाच बदल झालाय. 1977 मध्ये डॉ. ली गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी पहिली प्रसिद्ध गुणपद्धत आणली, तिच्यात 70 च्या पुढच्या वयाला वेगळे गुण होते. 1999 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात सहा गोष्टी उरल्या: ऑपरेशन मोठ्या जोखमीचं आहे का, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, हार्ट फेल्युअर, पूर्वी झालेला पक्षाघात, इन्सुलिनवरचा मधुमेह आणि 2 च्या वर गेलेलं क्रिएटिनिन. त्या यादीत वय नाही.

अर्थात, संगणकावर जोखीम काढायची जी नवी साधनं आहेत, त्यांत वय धरतात. म्हणून "वय फक्त आकडा आहे" हे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये ठीक. वय अनेक गोष्टींपैकी एक आहे, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

डॉक्टर जिन्याबद्दल का विचारतात?

"आजी, दोन मजले चढता का? मध्ये थांबावं लागतं?" हा प्रश्न गप्पांतला वाटतो, पण तीच एक चाचणी असते.

शरीर किती मेहनत करू शकतं, हे मोजायला 'मेट' हे एकक आहे. शांत बसलेलं असताना शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं, तो 1 मेट. दोन मजले जिना चढायला साधारण 4 मेट लागतात. डोंबिवली स्टेशनचा पूल न थांबता, धाप न लागता चढणारा माणूस ढोबळमानाने ही परीक्षा पास झाला.

पण इथे गंमत आहे. रुग्णाकडे बघून, थोडं बोलून डॉक्टर जो अंदाज बांधतात तो किती बरोबर असतो, हे 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तपासलं. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले 1401 रुग्ण त्यात होते. ज्यांची क्षमता खरोखरच 4 मेटपेक्षा कमी होती, त्यांतल्या पाचापैकी जेमतेम एकाला डॉक्टरांनी अंदाजाने ओळखलं होतं. त्यापेक्षा ठरावीक प्रश्नांची यादी जास्त कामाची ठरली. तिच्यात 12 प्रश्न असतात: स्वतःची अंघोळ स्वतः करता का, घरात चालता का, जिना चढता का, झाडलोट करता का, जड सामान उचलता का, असे.

म्हणून अशा वेळी घरच्यांनी मध्ये पडून "हो हो, सगळं करते ती" असं सांगू नये. आम्ही तेच केलं. आजी मात्र खरं बोलली, "जिना सोडून दोन वर्षं झाली. खालीच झोपते."

मग गुडघे दुखणाऱ्याने जिना चढायचा कसा, हा प्रश्न येतोच. अशा वेळी डॉक्टर इतर कामांवरून अंदाज घेतात, गरज वाटली तर हृदयाच्या जास्त तपासण्या करतात.

खुर्चीतून उठा, चाला, परत या

दुसरी साधी चाचणी खुर्चीची. रुग्णाने खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. डॉक्टर घड्याळ लावतात. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात.

यातून 'फ्रेल्टी'चा अंदाज येतो. याला आपल्याकडे चपखल शब्द आहे, 'थकलेलं शरीर'. "आजोबा हल्ली फार थकलेत" असं आपण म्हणतो, तेव्हा नकळत तेच निदान करत असतो. वजन आपोआप उतरलेलं, हाताची पकड सैल झालेली, चाल मंदावलेली, थोड्या कामाने दमणं. कॅनडातल्या डॉ. केनेथ रॉकवुड यांच्या गटाने 2005 मध्ये यासाठी एक मोजपट्टी आणली. आता ती 1 ते 9 अशी आहे. 1 म्हणजे एकदम तंदुरुस्त. 5 पासून थकवा ठळक व्हायला लागतो, बँकेची कामं, बाहेर जाणं, औषधं सांभाळणं यासाठी दुसऱ्याची मदत लागते. आकडा वाढतो तसा ऑपरेशननंतरचा धोका वाढतो आणि घरी परतायला वेळ लागतो.

ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल, तरीही माणूस थकलेला असू शकतो. रिपोर्टच्या गठ्ठ्यात हे कुठेच दिसत नाही. म्हणून पीएसीला रुग्णाला स्वतः न्यावं लागतं, नुसती फाइल पाठवून चालत नाही.

तीन शब्द आणि एक घड्याळ

मॅडमनी आजीला तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवायला. मग एक गोल काढून त्यात घड्याळाचे आकडे लिहायला सांगितले, काटे 11 वाजून 10 मिनिटांवर. नंतर विचारलं, ते तीन शब्द कोणते होते? आम्हाला वाटलं, गुडघ्याच्या ऑपरेशनला घड्याळ कशाला?

याला 'मिनी-कॉग' म्हणतात. स्मरणशक्ती आधीच कमजोर असेल तर ऑपरेशननंतर 'डेलिरियम' होण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे माणूस एकाएकी गोंधळतो, रात्री उठून बसतो, घरच्यांना ओळखत नाही, सलाईन ओढतो. ज्येष्ठांमध्ये मोठ्या ऑपरेशननंतर हे बऱ्याचदा दिसतं. धोका आधी माहीत असेल तर तयारी करता येते. चष्मा आणि कानाचं मशीन लगेच परत देणं, ओळखीचं माणूस जवळ ठेवणं, रात्री झोप नीट मिळेल असं बघणं, काही औषधं टाळणं, लवकर उठवून बसवणं. साधे उपाय आहेत, पण उपयोगी पडतात.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी घड्याळाची चाचणी अवघड जाते. तसं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

जास्त तपासण्या म्हणजे जास्त सुरक्षित?

असं नाही. मोतीबिंदूच्या सुमारे 19,500 ऑपरेशनांवर अमेरिका आणि कॅनडात अभ्यास झाला होता, तो 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांच्या रक्ताच्या आणि ईसीजीच्या सरसकट तपासण्या केल्या, अर्ध्यांच्या नाही. दोन्ही गटांत गुंतागुंतीचं प्रमाण सारखंच निघालं.

मोठ्या ऑपरेशनला मात्र तपासण्या लागतात. हिमोग्लोबिन, किडनी, शुगर, क्षार, ईसीजी या बहुतेक ज्येष्ठांच्या होतात. टू-डी इको प्रत्येकाला लागतोच असं नाही. पण धाप लागत असेल, पायाला सूज असेल किंवा स्टेथोस्कोपमधून हृदयाचा वेगळा आवाज ऐकू आला तर तो करतात. म्हातारपणी हृदयाची एक झडप आकसते. अशा रुग्णाचं ब्लडप्रेशर भूल दिल्यावर धोकादायक पद्धतीने खाली येऊ शकतं, त्यामुळे ते आधी कळलेलं बरं.

आणखी एक समज असा की "वय जास्त आहे, तर पूर्ण भूल नको, कमरेतलंच इंजेक्शन द्या, ते सेफ असतं." खुब्याच्या हाडाच्या 1600 रुग्णांवर झालेल्या आणि 2021 मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत, 60 दिवसांनंतर जिवंत असणं आणि चालता येणं या बाबतीत दोन्ही पद्धतींमध्ये ठळक फरक दिसला नाही. कुणासाठी कोणती भूल, हे भूलतज्ज्ञांवर सोडा.

गोळ्या, काढे आणि मशेरी

आता आमच्या आजीचं सहा आठवडे का अडलं, ते सांगतो. पहिलं कारण, हिमोग्लोबिन 9.4. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने बायकांमध्ये 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. गुडघ्याच्या ऑपरेशनला रक्त जातं, त्यामुळे आधी लोह देऊन ते वाढवायचं होतं.

दुसरं कारण, मशेरी. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला आजी कायम "नाही" म्हणायची, कारण तिच्या मते मशेरी म्हणजे दात घासणं. मॅडमनी नेमकं तेच नाव घेऊन विचारलं, "मशेरी लावता का?" आजी हसून म्हणाली, "ती तर सकाळ-संध्याकाळ." तंबाखू कुठल्याही रूपात असो, त्यातल्या निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला अडथळा येतो. बिडी-सिगारेट असेल तर फुप्फुसांचा त्रास वेगळा. साधारण चार आठवडे आधी बंद केलं तर फायदा होतो.

औषधांचंही तसंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, आणि किती दिवस ते गोळीप्रमाणे बदलतं. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस. पण हृदयात स्टेंट टाकलेला असेल तर ती परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं. शुगरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, नाहीतर शुगर नॉर्मल दिसूनही रक्तात आम्ल वाढू शकतं. उलट ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या ऑपरेशनच्या सकाळीही घ्यायच्या असतात. थोडक्यात, स्वतःहून एकही गोळी बंद करू नका आणि एकही लपवू नका. त्यात आयुर्वेदिक चूर्ण, काढे आणि गुडघ्यांसाठी कुणीतरी दिलेली 'पांढरी पुडी'सुद्धा आली. अशा पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉइड निघतं.

थांबायला वेळच नसेल तर?

गुडघा थांबू शकतो. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं तर गोष्ट वेगळी. अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांना न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा व्हायला वेळ लागत नाही. म्हणून अशा वेळी ऑपरेशन शक्य तितक्या लवकर करतात. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. तिथे तपासणी होते, पण मोजकी. जे काही तासांत सुधारेल ते सुधारायचं, बाकीची जोखीम घेऊन पुढे जायचं.

"आजीचं वय 85 आहे, राहू दे, झोपवून ठेवू" हा निर्णय आपल्याकडे अजूनही घेतला जातो. झोपवून ठेवण्यातही जोखीम असते, अनेकदा ऑपरेशनपेक्षा जास्त. हे डॉक्टरांकडून स्पष्ट समजून घेतल्याशिवाय तो निर्णय घेऊ नका.

डॉक्टरांना हे विचाराच

- ऑपरेशन केलं नाही तर पुढच्या सहा महिन्यांत काय होईल?
- यांच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका कोणता, हृदयाचा, फुप्फुसाचा की डोक्याचा?
- आधी काय सुधारता येईल? त्याला किती वेळ लागेल?
- आयसीयू किंवा व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता किती?
- घरी आल्यावर किती दिवस मदत लागेल?

आणि एक प्रश्न घरात, रुग्णालाच विचारा: "तुला ऑपरेशननंतर काय करता यायला हवंय?" आमच्या घरात दोन महिने चर्चा चालली, पण हे आजीला पहिल्यांदा विचारलं ते भूलतज्ज्ञ मॅडमनी. ती म्हणाली, "संडासला कुणाचा हात न धरता जाता आलं पाहिजे." बाबा गप्प झाले.

पीएसीला जाताना काय न्यायचं?

- सगळ्या गोळ्यांची पाकिटं, एका पिशवीत. नुसती नावं लिहून नको.
- जुने ईसीजी, इको, अँजिओग्राफीचे रिपोर्ट, स्टेंट कार्ड.
- आधीच्या ऑपरेशनची कागदपत्रं. भूल दिल्यावर काही त्रास झाला होता का, तेही.
- कवळी, चष्मा, कानाचं मशीन.
- रोज सोबत राहणारं माणूस. रविवारी भेटणारा मुलगा नव्हे.

तारीख ठरल्यावर पीएसी चार-सहा आठवडे आधी झाली तर उत्तम. आदल्या दिवशी केली, तर काही सापडलं तरी सुधारायला वेळ उरत नाही. त्या वेळेत लोहाची औषधं, प्रोटीन असलेलं जेवण, रोज थोडं चालणं, फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम आणि तीन रंगीत बॉलचं ते श्वासाचं यंत्र, एवढं जरी केलं तरी शरीराची शिल्लक थोडी वाढते.

आजीने सहा आठवडे मशेरी सोडली. त्या काळात तिने घरातल्या प्रत्येकाशी भांडण केलं. हिमोग्लोबिन 11.8 वर आलं आणि ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री ती उठून बसली आणि आजोबांना हाका मारायला लागली. आजोबा जाऊन नऊ वर्षं झालीत. आत्या रडायला लागली. पण हे होऊ शकतं, असं आम्हाला आधीच सांगितलेलं होतं. आईने तिला चष्मा घातला, लाइट लावली, हात धरून बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी आजी पूर्ण शुद्धीवर होती आणि चहा पांचट असल्याची तक्रार करत होती.

दुसरा गुडघा अजून बाकी आहे. त्याच्या पीएसीला जायची तारीख या वेळी बाबांनीच घेतलीय, ऑपरेशनच्या दीड महिना आधीची.